पाण्यामागे चालणारा हत्ती

कुमुदवती नगरीवर राजा दृढवर्म्याची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या तळ्याचे पाणी मोजणाऱ्या मापकाच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सोमिल. तक्षशिलेत बारा वर्षे शिकून तो परतला, बापाचे काम त्याच्याकडे आले आणि त्यातच तो म्हातारा झाला.

काम दिसायला सोपे होते. घाटाखाली, तळ्याच्या काठाशी दगडाचा एक हत्ती होता. आश्विनी पौर्णिमेला राजा घाटावर येई आणि विचारी, "हत्तीचे पाय भिजलेत ना?" मापक म्हणे, "भिजलेत, महाराज." मग कालव्यांची नऊही दारे उघडत आणि पाणी वर्षभर उसाच्या मळ्यांकडे जाई. पाय कोरडे असतील, तर किती दारे उघडायची ते मापकाने सांगायचे, असा पूर्वजांचा दंडक होता.

सोमिलच्या तरुणपणी एका दुष्काळात पाय कोरडे राहिले. लोक आधीच हवालदिल झाले होते. यंदापुरते सणात विघ्न नको, असा विचार करून सोमिलने ओंडक्यांवरून, बैल जुंपून हत्ती वीस पावले पुढे, पाण्यात नेऊन ठेवला. पुढच्या वर्षी पाणी आणखी मागे गेले. हत्तीही गेला. मग ती रीतच पडली. पौर्णिमेआधी हत्तीला हार घालायचा आणि वाजतगाजत पाण्यापर्यंत ओढायचा. हत्ती मुळात एका जागी असायचा, हे नव्या पिढीला ठाऊकच नव्हते.

सोमिल खोटे कधी बोलला नाही. पाय भिजलेले असत, म्हणून तो भिजले म्हणे. पण हाच खरेपणा त्याला उतारवयात सलू लागला.

तो मोजत राही. अंगणातल्या पात्रात पडणारा पाऊस थोडा कमी झाला होता. उन्हाळा लवकर येई आणि लांबत जाई. वीटभट्ट्यांसाठी भोवतालचे डोंगर बोडके झाले होते आणि त्यांची माती दर पावसाळ्यात तळ्यात उतरे. शिवाय नऊ कालवे अखंड पाणी पीत. यातले कशाने किती पाणी गेले, हे त्याला नेमके मांडता येईना. आज एक आकडा ठरवावा आणि उद्या त्यावरच शंका यावी. आपलेच चुकत असेल, आणखी एक वर्ष पाहू, असे म्हणत त्याने अकरा वर्षे घालवली.

त्या वर्षी पौर्णिमेच्या पाच दिवस आधी तो काठावर उभा होता. उप्पला नावाची म्हातारी कोळीण चिखलातून होडी ओढत आली.

"काय सोमिलबाबा, यंदा कुठवर फिरायला नेणार हत्तीला?"

"तीनशे पावलं."

"न्या, न्या. लग्न होऊन आले तेव्हा होडी मला वाहायची, आता मी होडीला वाहते." ती हसली आणि मग थांबली. "खरं सांगा, पुढल्या वर्षी न्यायला पाणी उरेल का?"

"नऊ दारं उघडली तर बहुतेक नाही. पण मी चुकतही असेन."

"एवढं शिकलात आणि अजून बहुतेक? आमची तीस घरं इथं राहायची का निघायची, तेवढं सांगा. बहुतेकवर चूल मांडता येत नाही, बाबा."

सोमिल संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. मग त्याने कोळीवाड्याकडे माणसे मागितली. हत्ती पुढे न्यायचा नव्हता. तो पहिल्याने जिथे होता, तिथे मागे ओढायचा होता. चार दिवस लागले.

पौर्णिमेला राजा घाटावर आला. हत्ती पायऱ्यांपाशी धुळीत उभा होता आणि पाणी दिसतच नव्हते. मधल्या जागेत उसाचे मळे होते आणि भट्ट्यांचा धूर होता. अमात्य पिंगल सोमिलच्या कानाशी लागला. "म्हातारचळ लागलाय का? भिजले म्हणा आणि मोकळे व्हा. लोकांना धीर हवाय."

राजाने विचारले, "हत्तीचे पाय भिजलेत ना?"

"नाही, महाराज. चाळीस वर्षं झाली, या जागी ते भिजलेले नाहीत. मीच हत्तीला पाण्यापर्यंत नेत होतो."

"मग पाणी गेलं कुठं? पाऊस रुसला का?" राजाने विचारले.

"थोडा रुसला. ऊनही वाढलं. पण डोंगर आपण सोलले आणि कालवे आपण खोदले. कशाचा वाटा किती, ते मला सांगता येत नाही. तिथं माझी विद्या कमी पडली. पण यंदा चारच दारं उघडा. माझं चुकत असेल तर थोडा ऊस वाळेल, तो पुन्हा लावता येतो. माझं बरोबर असेल आणि नऊ दारं उघडली, तर तळं पुन्हा लावता येणार नाही."

राजा अनवाणी पाण्यापर्यंत चालत गेला. परतला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्याने चार दारे उघडायला सांगितली, डोंगरावरची तोड बंद केली आणि सोमिलला कामावरून दूर केले. तिन्ही आज्ञा रास्त आहेत, असे सोमिलला वाटले.

ऊसवाल्यांनी त्याच्या दारावर शेण फेकले. कुणी म्हणे, याने चाळीस वर्षे फसवले. कुणी म्हणे, आणखी चार वर्षे गप्प बसला असता तर काय बिघडले असते? सोमिलने दार धुऊन काढले. तो फार थकला होता.

पुढच्या आश्विनात उप्पला सांगायला आली. "बाबा, पाणी काही वाढलं नाही."

"आणि उतरलं?"

"तेही नाही. गेल्या साली होतं तिथंच आहे. आम्ही चुली हलवल्या नाहीत."

सोमिलने मान हलवली. त्या दुपारी त्याला गाढ झोप लागली.

कितीएक जन्मांनंतर एका विहाराची विहीर आटत चालल्याचे एका भिक्षूने चार महिने लपवून ठेवले होते. ते उघडकीला आले तेव्हा भिक्षूंच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, "भिक्षूंनो, पाण्यापर्यंत चालत गेलेला तो राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. आपल्यासाठी दुरून घागर वाहून आणणारी ही वृद्ध उपासिका म्हणजे तेव्हाची उप्पला. विहिरीची गोष्ट झाकणारा हा भिक्षू तेव्हा पिंगल होता. आणि ज्याने चाळीस वर्षे हत्ती ओढला, तो मीच होतो. शब्द खरा राखणे मला तेव्हाही जमत होते. पण आपणच घातलेले पांघरूण आपल्याच हाताने दूर करणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय."