नदीच्या गळ्यातली माळ

मळगट्टी शहरातून काळगंगेकडे उतरणारा रस्ता जिथे संपतो, तिथे एक लांबलचक बांध आहे. मूळचा मातीचा, पुढे कधीतरी दगडांनी बांधून काढलेला. त्याच्या मधोमध दोन जुन्या चिंचा समोरासमोर उभ्या आहेत, आणि त्या दोन चिंचांच्या मध्ये बांधाच्या अंगातून जात्यांचे गोल दगड बाहेर डोकावतात. एकावर एक, रांगांनी, प्रत्येकाच्या पोटात दोन बोटं जातील एवढं भोक. नदीला पाणी चढलं की त्या भोकांतून घरघर ऐकू येते. इथली माणसं तेव्हा हातातलं काम थांबवतात आणि म्हणतात, "केराक्का दळाय बसली."

मळगट्टी फार मोठी नाही आणि फार लहानही नाही. कापडबाजार आहे, दोन कॉलेजं आहेत, पुलापलीकडच्या माळावर लष्कराची छावणी आहे. पुण्यात जेवढ्या भाड्यात दीड खोली मिळते, तेवढ्यात इथे अंगण, पेरूचं झाड आणि वर गच्चीही मिळते. त्यामुळे ज्यांचे नवरे दूर सरहद्दीवर आणि मुलं शाळेच्या वयाची, अशा बायकांची इथे कायम ये-जा असते. मीही त्यांतलीच. माझा टेम्पो अजून रिकामा व्हायचा होता, तोवर शेजारच्या पाच घरांतून पाच वाट्या पीठ आलं. ज्वारी, नाचणी, तांदूळ, बाजरी आणि एक मला अजूनही न ओळखता आलेलं. मी शिकलेली बाई. मी सगळ्यांचे आभार मानले आणि पाठ वळताच हे पाचही एकत्र केलं तर माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या, जुईच्या पोटाला सोसेल का, ते मोबाइलवर शोधू लागले.

शेजारच्या चंपाक्का दारातूनच म्हणाल्या, "अवो, त्यात काय बघताय? भाकरी त्या मोबाइलवर थापणार काय? खावा आधी. आणि रविवारी पोरीला घेऊन बांधावर चला. रायगोंडा अण्णा सांगतील कशाचं पीठ ते."

रायगोंडा अण्णा ऐंशीच्या घरातले. उजवीकडच्या चिंचेच्या पारावर ते बसतात आणि बांध बघायला आलेल्या कुणालाही ही कथा सांगतात. त्यांच्या तोंडून ऐकली तशी इथे लिहिते आहे. एखादा शब्द माझा शहरी पडला असेल, तर दोष अण्णांचा नाही.

असं सांगतात की, फार पूर्वी या माळावर एका सरदाराची फौज येऊन उतरली. सरदार कोण, ते कुणाला आठवत नाही. अण्णा म्हणतात, "नाव त्याचं कशाला राहील? तो काय राह्यला काय हितं?" फौजेमागे तेव्हा शिपायांची बायकामुलं चालत. तळ हलला की राहुट्या उतरायच्या, दोर गुंडाळायचे, चूल विझवायची आणि जातं बैलावर चढवायचं. जात्याला मोठा मान होता. जिचं जातं बैलावर, तिचा संसार फौजेबरोबर. जिच्याकडे जातं नाही, तिला तळाबरोबर नेत नसत. वाटेत तिला दळून कोण घालणार?

त्या बायकांत केरा नावाची एक होती. नवरा सटवाजी आघाडीच्या तुकडीत, नेहमी चार मुक्काम पुढे. पदरात तान्हा मुलगा. त्याच्या आधीची एक मुलगी तिने कुठल्याशा मुक्कामावर पुरली होती. त्या मुक्कामाचं नाव तिला माहीत नव्हतं. तिने ते विचारलंसुद्धा होतं, पण ज्याला विचारलं तोही परकाच निघाला. तेव्हापासून म्हणे केरा प्रत्येक नव्या तळावर उतरली की आधी गावाचं नाव विचारी आणि दिवसभर ते पुटपुटत राही. मला हे ऐकताना आपण विचित्र नाही, एवढं तरी समाधान वाटलं. मीसुद्धा नव्या गावात पहिल्या दिवशी जवळच्या दवाखान्याचा रस्ता तोंडपाठ करते.

मळगट्टीच्या माळावर असताना त्या मुलाला पहिला दात आला. केरा त्याला घेऊन नदीवर गेली, ओंजळभर पाणी घेतलं आणि बोलली, "आई, ह्याचा दात तुझ्या काठाला उगवला. तो पडंल तवाबी आमी हितंच असू दे. पडला दात कुठं ठेवला, येवढं मला ठावं असू दे." हाच तिचा नवस. सोनं नाही, नाणं नाही. दात पडायला लागतील तेवढी वर्षं, एका जागी.

मग ती गावात जागा मागायला गेली.

तेव्हाचं मळगट्टी म्हणजे बांधाआडचं लहानसं गाव. देसाई गावाचे मालक. बरे होते, पण फौजेच्या माणसांचा त्यांनी धसका घेतला होता. आज दारात, उद्या धुळीत. त्यांना घर दिलं, विहीर दिली, जीव लावला, की सकाळी उठून बघावं तर चुलीची राख तेवढी उरलेली. देसाई केराला म्हणाले, "बाई, तुझं काही वाईट नाही. पण तुमचं बिऱ्हाड बैलाच्या पाठीवर. आमच्या गावात दगड रोवून राहणाऱ्यालाच जागा." (अण्णा इथे माझ्याकडे बघून हसले. घर शोधताना एक मालक मला म्हणाले होते, "मिलिटरीवाले? मग नको. दोन वर्षांत बदली." शब्द बदलतात, घरमालक तोच.)

केरा परतली. चार दिवस संततधार लागली आणि तळ हलवायचा हुकूम आला. भल्या सकाळी बैल भरले. केराचंही जातं दोराने आवळून बैलावर चढलं. तळ निघाला तो बांधाच्या कडेनेच. आणि केरा त्या दोन चिंचांपाशी पोचते, तोच बांध फुटला.

आधी वासराच्या अंगाएवढं भगदाड. बघता बघता गाडी जाईल एवढं. आत गाव. देसायांसकट सगळे धावले. मातीच्या पाट्या ओतल्या, वाहून गेल्या. दगड लोटले, तेही वाहून गेले. घराघरांतून रडणं उठलं. तळावरची माणसं वरून बघत उभी राहिली. त्यांच्यात बायजा नावाची एक म्हातारी होती, जिभेची तिखट. ती म्हणाली, "बुडू दे की! चार घागरी पाणी देताना जीव जात हुता ह्यांचा. घ्या म्हणावं आता, हवं तेवढं!"

केरा हसली नाही. तिने बैल थांबवला आणि जात्याचा दोर सोडायला लागली.

"काय करतीस गं?" बायजा ओरडली. "जातं उतरू नगंस. हुकूम झालाय. मागं राह्यलीस तर तुला कोण नेणार न्हाई, आणि ही माणसं तर दारात उभी करणार न्हाईत. पोराला घेऊन जाशील कुठं?"

"ते मला बी ठावं न्हाई," केरा म्हणाली. "धर हिकडून."

इथे अण्णा थांबतात आणि ऐकणाऱ्याला विचारतात, दगड वाहून जात होते, मग जात्याने काय होणार होतं? मी मनातल्या मनात वजनाचं, वेगाचं काहीतरी गणित मांडलं. पण उत्तर तंबू ठोकणाऱ्या बायकांच्या हातात होतं. गावाने लोटले ते सुटे दगड. जात्याच्या वरच्या दगडाला मात्र भोक असतं. केराने त्या भोकातून राहुटीचा जाड दोर ओवला आणि दोराचं एक टोक या चिंचेला आवळलं, तंबूचा दोर मेखेला आवळतात तसं. तेवढ्या एका दगडाने काही होणार नव्हतं. ती माघारी वळून तळावरच्या बायकांकडे बघत राहिली. मागितलं काहीच नाही. मागायचं तरी कोणत्या तोंडाने? आपलं जातं देणं म्हणजे आपली पुढची वाट देणं.

पहिल्यांदा पुढे आली ती बायजा. "मरू दे तिच्यायला," म्हणाली, "माझं बी घ्या. तसं बी दात कुठं ऱ्हायलेत भाकरी खायाला!"

मग बैलामागून बैल रिकामे झाले. बायकांनी दगड ओवले, माळेखाली माळ केली. पोहणाऱ्यांनी दोरांची दुसरी टोकं पलीकडच्या चिंचेला नेऊन बांधली. भगदाडावर जात्यांचा पडदा उभा राहिला. पाणी अजून भोकांतून, फटींतून धावतच होतं. तेव्हा त्यांनी नदीच्या बाजूने राहुट्यांची जाड कापडं सोडली. ज्या पाण्याने बांध फोडला, त्याच पाण्याने ती कापडं दगडांवर दाबून धरली. आता माती टिकू लागली. देसाई स्वतः पाट्या वाहत होते, देसाईणबाई पदर खोचून गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. दुपार कलता कलता पाणी बांधाबाहेर अडलं. गाव वाचलं. आणि म्हणे त्या वेळी आतून, दगडांतून, घरघर अशी आवाजाची लाट उठली. केरा दळतच नव्हती, पण जातं दळत होतं.

फौज थांबली नाही. जात्याशिवायच्या बायका मागे ठेवून तळ पुढे गेला. केरा मुलाला घेऊन बांधावर बसून राहिली. पुढे फौज नाही, मागे घर नाही.

देसाई आले. त्यांच्यामागे गडी होते आणि गड्यांच्या खांद्यावर नवंकोरं, छिन्नीने टाकी लावलेलं जातं. देसायांना वाटलं, हिचं गेलं ते भरून द्यावं. सगळ्यांचंच देऊ. मोठ्या मनानेच केलं त्यांनी. पण केरा ते जातं बघून दोन पावलं मागे सरली.

"दगड नगं, धनी," ती म्हणाली. "दगड दिलात म्हंजी बैल बी द्याल, आणि मग वाट दाखवाल. माझा दगड रोवलाय तुमच्या गावात, तुमीच म्हणाला हुतासा तसा. मला आजच्या पुरतं पीठ द्या. इथंच थापीन, इथंच खाईन."

देसाईणबाई वळल्या, घरात गेल्या आणि ओच्यात ज्वारीचं पीठ घेऊन आल्या. त्यांचं बघून शेजारीण आली, तिचं बघून तिची जाऊ. पाच घरांचं पीठ एका परातीत पडलं. केराने बांधावरच तीन दगडांची चूल मांडली आणि भाकरी थापली. पहिली देसाईणबाईंना दिली. बायजानेही एक मागून घेतली आणि पाण्यात भिजवून खाल्ली. त्या संध्याकाळी छावणीच्या सगळ्या बायका गावच्या झाल्या.

पुढे कितीतरी महिन्यांनी सटवाजी शोधत शोधत आला. बायको दिसली, मुलगा दिसला. पण शिपायाची नजर, आधी सामान मोजणार. "जातं कुठाय?" त्याने विचारलं.

"बघा की तिकडं," केरा म्हणाली. "नदीच्या गळ्यात घातलंय."

मग त्यालाही राहावं लागलं. मुलगा मोठा झाला, आणि एके दिवशी त्याचा पहिला दात हलून हातात आला. केराने त्याला बांधावर नेलं, आपल्या जात्याचा दगड ओळखला आणि त्याच्या भोकात मुलाच्या हातून तो दात टाकला. नवस फिटला.

अण्णांची कथा इथे संपते. त्यांनी ती संपवली तेव्हा जुईने तोंड उघडून त्यांना आपले सगळे दात दाखवले. "अजून एकबी हलत न्हाई," अण्णांनी बोटाने तपासून जाहीर केलं. "म्हंजी अजून लई दिवस राहायचं आहे तुमाला."

त्याला आता दीड वर्ष होईल. दरम्यान मी तीन वेळा घर सोडायचं ठरवलं. एकदा नळाला पाणी नव्हतं म्हणून, एकदा जुईला ताप आला म्हणून, आणि एकदा काहीच कारण नव्हतं म्हणून. चंपाक्कांनी तिन्ही वेळा ऐकून घेतलं आणि विचारलं, "दात पडला का पोरीचा?"

आजही मळगट्टीत नवं बिऱ्हाड आलं की त्या दिवशी त्या घरात विकतचं पीठ मळत नाहीत. पाच घरांतून वाट्या जातात. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत एक तरुण मुलगी उतरली, कडेवर बाळ, डोळ्यांत माझ्या ओळखीची भीती. तिच्या दारात नाचणीची वाटी घेऊन उभी होते मी. तिनेही आधी आभार मानले आणि मग पिठाकडे संशयाने पाहिलं. "खावा आधी," मी म्हणाले.

आजही इथल्या मुलांचे दुधाचे दात घरावर फेकत नाहीत, बांधातल्या दगडांच्या भोकांत टाकतात. श्रावणात नदी बांधाला टेकली होती, दगड घुमत होते, तेव्हा जुई टाचा उंचावून उभी राहिली आणि तिने आपला दात आत सोडला. अण्णा पारावरून उठून उभे राहिले. चंपाक्कांनी कानशिलांवर बोटं मोडली. मी रडले नाही असं म्हणाले तर पाऊस साक्षीला आहे.

दिवाळीत हे सुट्टीवर आले. फोनवर ठरल्याप्रमाणे लेकीचा पहिला दात मी डबीत जपून ठेवला असेल, अशी त्यांची समजूत. बॅग खाली ठेवतात न ठेवतात तोच त्यांनी विचारलं, "दात कुठाय?"

मी तोंड उघडायच्या आत जुईने कमरेवर हात ठेवले. तिच्या हसण्यात समोर मोठी फट होती.

"बघा की तिकडं," ती म्हणाली. "नदीच्या गळ्यात घातलाय."