साकव हलता कामा नये

नदीकाठच्या एका गावात धाकू नावाचा भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं सगळं ऐकायचा, एवढाच त्याचा दोष.

गावात यायला नदीवर बांबूचा एक लांब साकव होता. माणूस चढला की तो डावी-उजवीकडे झुलायचा. सोनू मेस्त्रींच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मुलाच्या आजीने निरोप धाडला, "साकव हलला तर मी तिथूनच परत फिरेन. आणि मी फिरले की वऱ्हाडही फिरेल."

मेस्त्रींनी धाकूला साकवाच्या मधोमध कठड्याला बांधलं. दोन्ही बाजूंच्या खडकांना दोर बांधून टोकं त्याच्या हातात दिली.

"साकव जाईल त्याच्या उलट ओढायचं."

"बरं," धाकू म्हणाला.

मेस्त्री स्वतः चालून आले. साकव जागचा हलला नाही.

संध्याकाळी मेस्त्रीणबाई म्हणाल्या, "धाकू, नातवाचा पाळणा जरा बघ."

पाळणा डावीकडे गेला, धाकूने उजवीकडे ओढला. उजवीकडे गेला, डावीकडे ओढला. पाळणा थांबला. पोर किंचाळलं.

"अरे, जाईल तिकडेच हळूच ढकलायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी मेस्त्री शिडीवरून मांडवाला तोरण बांधत होते. शिडी डावीकडे कलली. धाकूने तिकडेच हळूच ढकलली. मेस्त्री गवताच्या गंजीत सापडले.

"गाढवा, काही हललं की आधी मला विचार. मी सांगेन तेच कर."

"बरं."

मेस्त्रींना जरा कमी ऐकू यायचं. ते त्यांना कबूल नव्हतं.

लग्नाच्या दिवशी धाकूला पुन्हा साकवाच्या मधोमध बांधून दोर हातात दिले. वऱ्हाड साकवावर आलं. पुढे आजी, मागे वाजंत्री. साकव डावीकडे झुकला.

"मेस्त्री, डावीकडे गेला. काय करू?"

"काय?" मेस्त्री काठावरून म्हणाले.

"डावीकडे गेला."

"मग उजवीकडे ओढ."

तोवर साकव उजवीकडे निघाला होता. धाकूने उजवीकडेच ओढला.

"मेस्त्री, आता फारच उजवीकडे गेला."

"काय?"

"उजवीकडे."

"डावीकडे ओढ की."

तोवर तो डावीकडे निघाला होता. धाकूने ओढला.

असं पाच-सहा वेळा झालं. मेस्त्रींनी एकदाही चुकीचं सांगितलं नाही. शेवटी आजी, नवरदेव आणि सनई-चौघडा कमरेइतक्या पाण्यात उभे होते.

आजी निथळत मेस्त्रींच्या काठाला लागली. परत फिरायचं तर पुन्हा साकवावरून. तिने एकदा मागे पाहिलं आणि मुकाट्याने मांडवाकडे निघाली.

रिकामा साकव हळूहळू स्थिर झाला. धाकूने समाधानाने हाक मारली,

"मेस्त्री, आता अजिबात हलत नाही. वऱ्हाड सोडा."