जुमानाची तार

वाळूच्या एका मोठ्या वादळात चिमुकल्या जुमानाचं घर गेलं, शेळ्या गेल्या. राहिले फक्त आजोबा आणि त्यांचा रबाब. रबाब म्हणजे कातड्यानं मढवलेलं चौकोनी वाद्य; त्याला घोड्याच्या केसांची एकच तार आणि वाजवायला गज. निदान तो तरी सुखरूप राहावा म्हणून आजोबांनी तो गावच्या संग्रहालयाला दिला, आणि त्या दिवसापासून त्यांचं गाणंच थांबलं. जेवण दोन घासांवर आलं. जुमानाला ते बघवेना. पण रडत बसेल ती जुमाना कसली! तिनं खोक्याच्या फळ्या जोडून, कातडं ताणून आजोबांसाठी नवा रबाब केला. घोडं अडलं ते तारेपाशी.

संग्रहालयाच्या बागेत एक डाळिंबाचं रोप सुकत चाललं होतं. जुमाना रोज आपल्या वाट्याचं घोटभर पाणी त्याला घाली. एका सकाळी त्याच्या लालचुटुक फुलातून सोनेरी पंखांची इवलीशी परी बाहेर आली.

"एक इच्छा माग, राणी," परी म्हणाली. "पण दुसऱ्याचं काही मागायचं नाही, आणि अर्धं काम तुझ्याच हातांनी व्हायला हवं."

जुमानानं तारेपुरते केस मागितले. परीनं चांदीसारखे लखलखते केस तिच्या ओंजळीत ठेवले. सात दिवस जुमाना पीळ घालत बसली. बोटं सोलवटली, पण पठ्ठी हटली नाही.

आठव्या दिवशी ती परीला तार दाखवायला आली, तर संग्रहालयात ही गर्दी! काचेच्या कपाटातल्या आजोबांच्या रबाबाची तार वाळून तुटली होती. तुटकी वस्तू मांडायची नाही, असा तिथला नियम. संग्रहालय सांभाळणाऱ्या सफियाबाई डोळे पुसत रबाब तळघरात ठेवायला निघाल्या होत्या.

जुमानानं हातातल्या तारेकडे पाहिलं. तार एकच, आणि घरी आजोबा वाट बघत होते. तिनं क्षणभर ती छातीशी धरली आणि मग पुढे केली.

"ही लावा," ती म्हणाली. "आजोबांसाठी मी दुसरी करीन. कितीही दिवस लागोत."

तार लागली खरी, पण सुरात कोण लावणार? अख्ख्या गावात ते एकट्या आजोबांनाच जमायचं. सफियाबाई स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. आजोबांनी गज फिरवला, डोळे मिटले आणि चक्क गायला लागले.

"मुबारककाका, नुसती ठेवली तर ही तारही तुटेल," सफियाबाई म्हणाल्या. "तुम्ही रोज येऊन वाजवायला हवं."

आजोबा जुमानाकडे वळले. "घरी भाकरी आहे का गं? भूक लागलीय."

खिडकीत बसलेली परी खुदकन हसली. तिनं जुमानाच्या हातात केसांची आणखी एक रुपेरी जुडी ठेवली. "ही तुझ्या रबाबाला," ती कुजबुजली. "पीळ मात्र तूच घालायचास हं." आणि सोनसळी उजेडाचा एक झोत उठला, त्यात परी विरघळून गेली.

आजोबांना पोटभर भाकरी वाढून जुमाना शेजारीच पीळ घालायला बसली.