वाया गेलेला इशारा

एकदा एक शिष्य तोंड पाडून गुरूंकडे आला. गुरू म्हणजे कुणी जटाधारी नव्हेत. आयुष्यभर प्रोग्रॅम लिहून निवृत्त झालेले, खडूस म्हणून प्रसिद्ध असलेले गृहस्थ.

शिष्याने एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेसाठी प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी राबणारे दोन कामकरी समजा. पहिला यंत्रातून रक्ताचा निकाल घेई आणि दुसऱ्याला इशारा देई. तोवर झोपून राहिलेला दुसरा त्या इशाऱ्याने उठे आणि निकाल डॉक्टरांना धाडी. वर्षभर सुरळीत चाललं. एके दिवशी निकाल पोचलाच नाही, रुग्ण दगावला. खापर फुटलं तिथल्या तंत्रज्ञ मंदाकिनी घरत यांच्यावर, आणि त्यांची नोकरी गेली. इशारा तर वेळेवर दिला गेला होता, मग दुसरा उठला का नाही, हे शिष्याला उमगेना.

गुरूंनी त्याला दुसऱ्या दिवशी चारला बोलावलं. तो येऊन ओसरीवर बसला. गुरू आत खुशाल पेपर वाचत राहिले. सहा वाजले तेव्हा वैतागून त्याने आत डोकावलं.

गुरू म्हणाले, "मी तुला हाक मारली होती. तू तेव्हा कोपऱ्यावर स्कूटर लावत होतास."

शिष्य आत येऊन समोर बसला.

"तुझ्या पहिल्या थ्रेडनं हेच केलं. दुसरा झोपायच्या आधीच त्यानं इशारा दिला. इशारा कुणी जपून ठेवत नाही, बाबा. दुसरा मग निवांत झोपला आणि झोपूनच राहिला. आधी दोघांना दिसेल अशा पाटीवर लिहावं, निकाल तयार आहे. मग इशारा द्यावा. झोपणाऱ्यानं पाटी बघावी, कोरी असेल तरच झोपावं, आणि त्याच्या बघण्या-झोपण्याच्या मध्ये कुणाला पाटीवर लिहू देऊ नये."

दुरुस्ती निघाली जेमतेम चार ओळींची. एवढ्यासाठी एक जीव गेला. आठवड्याने शिष्य हलक्या मनाने सांगायला आला, की चूक आपली होती, घरतबाईंची नव्हे, असं त्याने रुग्णालयाच्या भर बैठकीत कबूल केलं.

"बाई होत्या तिथं?"

"नाही सर. त्यांना तर आधीच काढलं होतं."

"मग सांगितलंस कुणाला?"

शिष्य तडक बाईंच्या घरी गेला. त्यांनी दारातच सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या आळीत मला माणूस मारणारी म्हणतात," त्या म्हणाल्या. "आता मी दारोदार फिरून सांगू का, की ती मी नव्हे?"

शिष्याला त्या दिवशी सगळं समजलं. बाईंना त्याचा काही उपयोग नव्हता.