रुमाजीची चार बोटं

वाका, वाका! पाहुणेमंडळी, आमच्या माळ्यावर ताठ मानेनं कुणालाच फिरता येत नाही. आता त्या खांबाच्या माथ्याकडे बघा. खांब आढ्याला भिडलेला नाही. चार बोटं जागा सोडून वर पाचर ठोकलीय. वाडीत घरोघरी असंच दिसेल. सुताराचं माप चुकलं म्हणून हसू नका. ह्याला रुमाजीची चार बोटं म्हणतात.

रुमाजी सुतार ह्याच घरातला. त्याच्या सुनेला, भागूला, मुलगा झाला. बारशाला पाहुणे येणार, तर माळ्यावर त्यांच्यासाठी खोली करावी असं त्याच्या मनात आलं. मधला खांब आड येत होता, तो हातभर सरकवायचं ठरलं. सगळी माणसं अंगणात काढली. भागू तेवढी खालच्या खोलीत राहिली. सुवेर होतं ना, दहा दिवस बाळंतिणीनं बाहेर यायचं नाही. घटकाभराचं तर काम, असं सगळेच म्हणाले. मला अजून त्यांचा राग येतो.

नवा खांब जुन्याच मापानं कापून तयार होता, म्हणून रुमाजीनं टेकू न देताच जुना काढला म्हणे. आढं चार बोटं खचलं. नवा खांब खाली बसेना. भिंतीवर भार येऊन भागूच्या खोलीचं दार चौकटीत आवळलं. रुमाजीनं आढ्याला खांदा दिला. खांब कापून द्यावा, तर करवत वर त्याच्याच पायाशी. कुणी जिन्यावर पाऊल ठेवलं की आढं करकरायचं. तोच ओरडला, "वर येऊ नका! मागची भिंत फोडा!"

मातीची भिंत, फुटली. आधी बाळ निघालं, मग भागू.

"दोघं निघाली का?" वरून आवाज आला. कुणी बोलेना. होय म्हटलं की तो खांदा सोडणार, हे सगळ्यांना कळत होतं. आणि त्याला खाली आणायचं कसं, हे कुणालाच कळत नव्हतं. त्यानं तीनदा विचारलं. आवाज खोल जात होता. शेवटी भागूच म्हणाली, "निघाली, मामंजी."

मग आढं खाली आलं.

आजही वाडीत माळ्याचा खांब हलवायचा झाला की आधी टेकू लागतो आणि बाळंतिणीसकट घर रिकामं होतं. नवा खांब चार बोटं आखूड कापतात. पाचर ठोकण्याआधी घरधनी आढ्याला खांदा लावून विचारतो, "दोघं निघाली का?" घरात पाळणा नसला तरी हेच विचारायचं. अंगणातून धाकटी सून सांगते, "निघाली, मामंजी. आता तुम्हीपण या." हे शेवटचं भागूनं म्हातारपणी जोडलं, असं सांगतात, तेव्हा तिला ते म्हणता आलं नव्हतं.

घरधनी पाचर ठोकतो आणि जिन्यानं खाली येतो.