भजनातली शीळ

"शीळ कोणी घातली?"

विमलाबाईंचा आवाज देवराईत घुमला. मांडीवरची एकतारी त्यांनी बाजूला ठेवली.

होतं तरी कोण? देवीच्या शेंदूर माखलेल्या दगडी तांदळ्याशी फुलं लावत बसलेली नणंद कुसुम, आणि झोपडीच्या दारात या राईतच म्हातारे झालेले केदारबुवा.

मागल्या वर्षी बाईंचा घसा बसला तो बसलाच. औषधं झाली, काढे झाले. शेवटी नवस बोलल्या, आई, आवाज परत दे, श्रावणात तुझ्या राईत येऊन खंड न पाडता पाच पदं म्हणेन. आवाज आला. पूर्वीपेक्षा गोड आला, असं सारी आळी म्हणे. बाईंनाही ते पटलं होतं.

आणि ऐन चौथ्या पदाला ही शीळ! उनाड पोरानं नाक्यावर उभं राहून घालावी तशी, लांबच लांब, बेताल.

"माझं व्रत मोडलं हो! कोण तो मेला?"

"मी," बुवा म्हणाले.

"तुम्ही?"

"चुकलं, बाई."

कुसुमनं पदर तोंडाला लावला. "अगंबाई! या वयात?"

बाईंना कुठलं हसू. ज्यांच्या पायांवर वर्षानुवर्षं डोकं ठेवलं, त्यांनाच त्या फाडकन म्हणाल्या, "दाढी पिकली, बुवा. देवीपुढे कसं बसावं, ते आता आम्ही शिकवायचं?"

"शिकव."

"तोंड बंद ठेवून बसायचं!"

बुवा उठले. कमंडलूतल्या पाण्यानं तोंड भरून घेतलं आणि गाल फुगवून बाईंच्या समोर येऊन बसले.

बाईंनी पुन्हा पहिल्या पदापासून धरलं. चौथं पद आलं. आवाज वर चढला...

शीळ आली.

बुवांचे गाल तसेच फुगलेले.

"वहिनी," कुसुम हळूच म्हणाली, "तो बघा."

ओढ्याकाठी ओल्या दगडावर काळानिळा कस्तूर बसला होता. चोच उघडून शीळ घालत होता. थेट माणसासारखी.

बाईंचा सूर तुटला. या खेपेला त्यांचा त्यांनीच तोडला होता.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कुसुमकडे बघवेना, देवीकडे तर नाहीच.

"बुवा... मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

बुवांनी तोंडातलं पाणी गिळून टाकलं.

"पण तुम्ही का घेतलंत अंगावर? पाखरू आहे, एवढं सांगितलं असतंत तर..."

बुवांनी ओढ्याकाठच्या कस्तुराकडे पाहिलं.

"तुला रागवायला कुणीतरी हवंच होतं, बाई. त्याची पिल्लं अजून लहान आहेत."