चुंचीचं दार आणि पिकअपची पाठ

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुंची. चहाच्या टपरीमागे तिचं बीळ. बिळाला एवढंसं दार. दाराच्या आत तिची पिल्लं.

चुंची किडे आणायला गेली. तुरुतुरु गेली, तुरुतुरु आली. बघते तर काय, दारच नाही.

दाराच्या जागी एक लोखंडी हूक रुतून बसला होता. हूक होता पिकअप गाडीचा. गाडीच्या हौद्यात गुळाची पोती. गाडीच्या मागे बांधलेली ट्रॉली. ट्रॉलीत जत्रेचा नगारा, मोठ्ठा, तांब्याचा. गाडी मागून अशी खाली बसली होती, अशी बसली होती, की उठायचं नावच नाही.

गाडीचा शिदूदादा टपरीवर चहा पीत होता. नगाऱ्याची गंगूआक्का पण चहा पीत होती. दोघं एकाच बाकावर, पण एकमेकांकडे पाठ करून.

आतून आवाज आला, चूं चूं, चूं चूं. पिल्लांना भूक लागली होती. चहा संपला की शिदूदादा गाडी काढणार. हूक बीळच उखडून नेणार.

चुंची हुकाकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"हूकभाऊ हूकभाऊ, जरा उठा. दार उघडेना, पिल्लं भेटेनात."

हुकाने डोळे बारीक केले.

"हुं हुं, तुझा काहीतरी डाव दिसतोय. मी उठलो की तू मलाच पळवशील. आधी गाडीने पाठ उचलू दे, मग मी उठतो."

चुंची गाडीकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"गाडीताई गाडीताई, जरा पाठ उचला. हूक उठेना, दार उघडेना, पिल्लं भेटेनात."

गाडीने डोळे बारीक केले.

"हुं हुं, तुझा काहीतरी डाव दिसतोय. मी पाठ उचलली की तू चाकातली हवा सोडशील. माझ्या पाठीवर पोती आहेत, वरून ट्रॉलीचा दांडा दाबतोय. आधी दांड्याला हलकं होऊ दे, मग मी पाठ उचलते."

चुंची दांड्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"दांडेराव दांडेराव, जरा हलके व्हा. गाडी पाठ उचलेना, हूक उठेना, दार उघडेना, पिल्लं भेटेनात."

दांड्याने डोळे बारीक केले.

"हुं हुं, तुझा काहीतरी डाव दिसतोय. मी हलका झालो की तू मला कुरतडशील. माझ्या नाकावर नगारा बसलाय. आधी नगाऱ्याला मागे सरू दे, मग मी हलका होतो."

आता दांडा लोखंडाचा. त्याला कोण कुरतडणार? पण संशय एकदा आला की आला.

चुंची नगाऱ्याकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"नगारोबा नगारोबा, जरा मागे सरा. दांडा हलका होईना, गाडी पाठ उचलेना, हूक उठेना, दार उघडेना, पिल्लं भेटेनात."

नगाऱ्याने डोळे बारीक केले. धुम, धुम.

"हुं हुं, तुझा काहीतरी डाव दिसतोय. मी मागे सरलो की तूच पुढे बसशील. मी मानाचा नगारा. मानाचा बसतो सगळ्यांच्या पुढे. आधी गंगूआक्काला सांगू दे, मग मी सरतो."

चुंची गंगूआक्काकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु. आक्काचा चहा अर्धा झाला होता.

"आक्का आक्का, जरा सांगा. नगारा मागे सरेना, दांडा हलका होईना, गाडी पाठ उचलेना, हूक उठेना, दार उघडेना, पिल्लं भेटेनात."

आक्काने डोळे बारीक केले.

"हुं हुं, तुझा काहीतरी डाव दिसतोय. तुला शिदूनंच धाडलं न्हवं? नगारा मागं सरला की त्यो म्होरं अजून पोती टाकतोय. आधी शिदूला पोती उतरू दे, मग मी सांगते."

चुंची शिदूदादाकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु. शिदूदादाचा चहा तळाला आला होता.

"दादा दादा, जरा पोती उतरवा. आक्का सांगेना, नगारा मागे सरेना, दांडा हलका होईना, गाडी पाठ उचलेना, हूक उठेना, दार उघडेना, पिल्लं भेटेनात."

शिदूदादाने डोळे बारीक केले.

"हुं हुं, तुझा काहीतरी डाव दिसतोय. तुला आक्कानंच धाडलं न्हवं? गाडीला झेपतील तेवढीच पोती भरल्यात मी. ट्रॉली तिच्या चाकांवर चालती. तिचं वझं माझ्या गाडीवर कुठनं येतंय?"

आता चुंची कुणाकडे जाणार? पुढे कुणी उरलंच नव्हतं. ती तिथेच बसली. आतून आवाज आला, चूं. एकदाच आला. तोही बारीक.

चुंची उठली. शिदूदादाच्या चपलेवर चढली.

"दादा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. दांडा उचलून बघा."

शिदूदादाने चुंचीकडे बघितलं. आक्काकडे बघितलं. कप खाली ठेवला आणि दांड्यापाशी गेला. दांडा हुकाला जोडणारी खीळ काढली. दांडा धरला. हूंऽऽ. हलेना. पुन्हा धरला. हूंऽऽऽ. हलेना.

गंगूआक्का हसली. मग तिनेही धरला. हूंऽऽऽऽ. आणि आक्का हसायची थांबली.

शिदूदादाने गाडीच्या पाठीवर हात फिरवला. त्याला गाडीची दया आली.

"एवढं वझं तुझ्यावर व्हतं व्हय? आणि मी नुसती पोतीच धरली हिशोबात."

शिदूदादा पोती उतरवायला तयार झाला. पण आक्का अजून कुरकुरत होती. मानाचा नगारा मागे बसवला तर जत्रेत लोक काय म्हणतील, हीच तिला काळजी.

चुंचीने विचारलं, "आक्का, लग्नात नवरदेव कुठे बसतो?"

"मधी," आक्का म्हणाली.

"सगळ्यांच्या पुढे नाही?"

आक्काने नगाऱ्याकडे बघितलं. मग तिने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि पदर खोचला.

शिदूदादाने पोती उतरवली. धप्प, धप्प. ती टपरीत राहिली, दुसऱ्या खेपेला न्यायची.

पोती उतरली, आक्काने सांगितलं.

आक्काने सांगितलं, नगारा मागे सरला. दोघांनी मिळून ढकलला, सर्रर्र, सर्रर्र. अगदी मागे नाही हं. फार मागे गेला तर ट्रॉली रस्ताभर शेपूट हलवत सुटते. बरोबर मध्ये, चाकांच्या वर.

नगारा मागे सरला, दांडा हलका झाला.

दांडा हलका झाला, गाडीने पाठ उचलली. हुश्श.

गाडीने पाठ उचलली, हूक उठला. टप्प.

हूक उठला, दार उघडलं.

दार उघडलं, पण पिल्लं काही बाहेर येईनात.

आतून बारीक आवाज आला, "कोण आहे?"

"मी आई."

"हुं हुं, तुझा काहीतरी डाव दिसतोय."

चुंची रागावली नाही. उलट तिला बरंच वाटलं. दारात कुणीही आलं तरी लगेच बाहेर यायचं नाही, हे तिनेच तर शिकवलं होतं. तिने फक्त आपलं लांब नाक आत घातलं.

पिल्लांनी नाक हुंगलं. फुस फुस. पुन्हा हुंगलं. फुस फुस. आईचाच वास. जगात दुसऱ्या कुणाला तो वास आवडत नाही. पिल्लांना फार आवडतो.

पिल्लं धावत आली आणि आईला बिलगली. मग सगळ्यांनी किडे खाल्ले. मच मच, मच मच.

पण रस्त्याकडेच्या या बिळात राहायचं नाही, असं चुंचीने ठरवलं. गाड्यांचा काय भरवसा? ती पुढे झाली. पहिल्या पिल्लाने आईला शेपटीपाशी तोंडात धरलं. दुसऱ्याने पहिल्याला धरलं, तिसऱ्याने दुसऱ्याला. निघाली वरात गवतातून. तुरुतुरु तुरुतुरु.

ओढत होती एकटी चुंची. पण तिची पाठ जराही वाकली नव्हती. शिदूदादा आणि आक्का शेजारी शेजारी उभे राहून बघत राहिले.

सगळ्यात मागचं पिल्लू मात्र वळून वळून पिकअपकडे बघत होतं. डोळे बारीक करून.